हळद, साबण आणि फिलर गेज

'जुगाड' या शब्दाचा मला अलीकडे कंटाळा आला आहे. मॅनेजमेंटवाल्यांनी तो उचलल्यापासून ते एकदम भारतीय प्रतिभेचं लक्षण वगैरे झालंय. आपल्या रक्तातच आहे म्हणे! बाकीचं माहीत नाही, पण गाडीच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही. गाडी बंद पडली की बाह्या सरसावून बॉनेटमध्ये डोकं घालणारा मध्यमवर्गीय गृहस्थ रक्तातून आलेला नाही. तो सरकारी धोरणातून आला, साधारण १९५०च्या सुमारास, आणि २०००च्या सुमारास हळूहळू दिसेनासा झाला. मधल्या पन्नास वर्षांत त्याच्या हातात काय काय होतं, का होतं आणि मग ते कुठे गेलं, हे एकदा लिहून काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांनी ज्यांनी आमची गाडी ढकलली आहे, त्यांनी ही जाहीर पोच समजावी. :)

आधी ते रक्ताचं प्रकरण निकालात काढू.

रस्त्यात गाडी दुरुस्त केल्याची सगळ्यात जुनी प्रसिद्ध गोष्ट जर्मनीतली आहे, आणि दुरुस्ती करणारी बाई आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली तीन चाकांची मोटार काढून मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला गेली. शंभरावर किलोमीटरचा रस्ता. वाटेत इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तो तिने टोपीच्या पिनेने काढला. इग्निशनची वायर उघडी पडली, तिथे पायमोज्याचं इलॅस्टिक गुंडाळलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं मारून घेतलं. इंधन संपलं तेव्हा वीस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. त्या काळी ते डाग काढायला वापरायचे. ते दुकान आजही जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं.

अमेरिकेतही तेच. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने दीड कोटी मॉडेल टी विकल्या, त्यातल्या कितीतरी अशा गावांत की जिथे गॅरेज नावाची वस्तूच नव्हती. त्या गाडीत पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे नुसतं उताराने यायचं, पंप नव्हता. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ खडा असेल तर इंजिन उपाशी राहायचं. यावर तिथल्या शेतकऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे चढ उलटा चढायचा, रिव्हर्स गिअरमध्ये! हे कोणी भारतात केलं असतं तर आज त्यावर चार पुस्तकं असती.

म्हणजे जिथे गाडी आहे आणि मदत नाही, तिथे मालकच मेकॅनिक होतो. एवढं साधं आहे. फरक पडतो तो पुढे. अमेरिकेत मदत वाढत गेली, सुटे भाग मुबलक झाले आणि घरच्या घरी गाडी दुरुस्त करणं हा हळूहळू शनिवार-रविवारचा छंद झाला. आपल्याकडे मात्र ती गरज पन्नास वर्षं गोठवून ठेवली गेली. कशी, ते आता.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून गाड्या जोडत होता. फोर्डही होतीच. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सरकारने तयार गाड्यांची आयात थांबवली. मग १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरलं की ज्या कंपन्या हळूहळू संपूर्ण गाडी इथेच बनवणार असतील त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावं. दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाजारात उरले मुख्यतः तिघे : कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्याची प्रीमियर. ही शेवटची वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली. सोलापूरच्या या माणसाने जहाजं, विमानं आणि मोटारी तिन्हींचे कारखाने काढले, त्यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.

धोरणामागचा हेतू वाईट नव्हता. परकीय चलन वाचवायचं होतं, आणि यंत्र इथे बनायला हवं होतं. ते बनलंही. पण परिणाम असा झाला की १९५४ पासून कुर्ल्याला येऊ लागलेली फियाट ११०० ही १०८९ सीसीची गाडी इटलीत १९६९ मध्ये बंद झाली आणि इथे तिला १९७४ मध्ये 'पद्मिनी' असं नवीन नाव मिळून ती शतक संपेपर्यंत बनत राहिली. अँबॅसिडर तर १९५०च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचा सांगाडा घेऊन मे २०१४ पर्यंत चालली. गाडीसाठी नंबर लावावा लागे आणि तो यायला वर्षानुवर्षं लागत. १९५९च्या सरकारी आदेशानुसार नवी गाडी घेतल्यावर ठरावीक काळ ती परवानगीशिवाय विकताही येत नसे. किमती किती असाव्यात याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

याचा अर्थ घरात गाडी आली की ती पंधरा-वीस वर्षांसाठी आली. एखाद्या सुनेसारखी म्हणणार होतो, पण घरातल्या सुना हे वाचतात, तेव्हा राहू दे. आणि ती गाडी तीस वर्षं तशीच राहिल्यामुळे तिच्याबद्दलचं ज्ञानही जुनं होत नसे! हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. १९६२ मध्ये काकाने शिकलेली युक्ती १९९२ मध्ये पुतण्याला जशीच्या तशी उपयोगी पडायची. लोणच्याच्या कृतीसारखं हे ज्ञान घरातून घरात गेलं. आज कुठल्याही यंत्राबद्दल हे शक्य नाही.

आमच्या डिकीत एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा असे. तो अजून आहे, फक्त आता कपाटावर आहे. (जाता जाता : 'डिकी' हा शब्द जुन्या गाड्यांच्या मागच्या उघड्या बैठकीवरून, डिकी सीटवरून आला. आणि 'स्टेपनी' वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथल्या दोघा भावांनी १९०४ मध्ये हवा भरलेलं जादा चाक विकायला काढलं, कारण त्याआधी गाडीबरोबर जादा चाक मिळतच नसे. इंग्लंडात हा शब्द कधीच मेला. आपण मात्र पंक्चर झाल्यावर अजून वेल्समधल्या एका गल्लीचं नाव घेतो.)

तर डबा. त्यात फिलर गेज, म्हणजे पंख्यासारख्या उघडणाऱ्या पातळ पोलादी पट्ट्या. झिरो नंबरचा पॉलिश पेपर. नवीन पॉइंटचा एक सेट, कंडेन्सर, जुना पण चालू प्लग. फॅन बेल्ट. तांब्याची तार, काळी टेप, अर्धी वडी कपडे धुण्याचा साबण आणि औषधाच्या बाटलीत हळद. याशिवाय एक वही, जिच्यात बाबा प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि केलेली दुरुस्ती लिहीत. 'पॉइंट घासले. खंबाटकीत पाणी ३ वेळा.' असल्या नोंदी. हा डबा म्हणजे त्या काळच्या गाडीचा पूर्ण नकाशाच आहे. कुठे काय दुखतं ते त्यावरून कळतं.

पॉइंटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चाळिशीच्या आतल्या वाचकांनी ही वस्तू पाहिलीच नसेल. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात आणि बॅटरी असते बारा व्होल्टची. मग कॉइलमधून वीज सोडायची आणि अचानक तोडायची. त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात मोठा दाब तयार होतो. हे तोडण्याचं काम डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसलेले दोन बारीक धातूचे ठिपके करत. तेच पॉइंट. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत ते मिनिटाला ६००० वेळा उघडत आणि मिटत. प्रत्येक वेळी थोडीशी ठिणगी त्यांच्यातही पडायची, म्हणून ते जळत. एका ठिपक्यावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ. गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली, चढावर ओढेना, मधूनच एक ठोका चुकवू लागली (मेकॅनिकच्या भाषेत 'मिसिंग करू लागली') की आधी तिथे बघायचं.

बघायचं म्हणजे टोपीच्या दोन क्लिपा काढायच्या, पॉलिश पेपरची घडी ठिपक्यांमध्ये सरकवून टेंगूळ घासायचं, पेट्रोलच्या फडक्याने पुसायचं. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून तसूतसूने ढकलायची, जोपर्यंत पॉइंट पूर्ण उघडत नाहीत. ढकलायला आम्ही. तिथे फिलर गेजची पट्टी घालायची. फट अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत हवी. पट्टी अगदी किंचित अडत सरकली पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तशी. फिलर गेज नसेल तर काडेपेटीचा पुठ्ठा. ही काडेपेटीची युक्तीही आपली नव्हे, जगभर चालायची. पण ती चालायची, हे खरं.

कुठला सिलिंडर झोपलाय हे शोधायची पद्धत तर मला अजून सुंदर वाटते. इंजिन चालू ठेवून, कोरडं जाड फडकं हातात धरून प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचा आवाज पडतो. जिची वायर काढून काहीच फरक पडत नाही तो झोपलेला. घरातली माणसं एकेक करून रजेवर पाठवून कोण काम करत नव्हतं ते शोधल्यासारखं!

या सगळ्यात आईचं अधिकृत काम टॉर्च धरणं आणि पाण्याचा कॅन आणणं. पण एक सांगतो, आवाज बदललाय हे नेहमी तिला आधी कळायचं. "काहीतरी वेगळं येतंय" असं ती म्हणाली की बाबा "काही नाही" म्हणत, आणि दोन मैलांवर आम्ही थांबत. त्या वहीत सगळ्या नोंदी बाबांच्या अक्षरात आहेत. बर्था बेंझपासून सुरू झालेला हा इतिहास आपल्याकडे येईपर्यंत कसा पुरुषांच्या हाती गेला, याचं उत्तर त्या टॉर्चमध्ये असावं.

घाट हा वेगळाच अध्याय. एक्स्प्रेस-वे २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याआधी मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढणं म्हणजे परीक्षाच. कडेला बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांग, वाफा, आणि पाण्याचे डबे घेऊन धावणारी माणसं. दोन आजार मुख्य होते आणि लोक त्यांची गल्लत करत. एक पाणी उकळणं. दुसरा 'व्हेपर लॉक'. त्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून बसलेला. इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलचीच वाफ होते. पंप वाफ दाबत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. गाडी बंद. बाहेरून सगळं ठीकठाक, टाकी भरलेली, पाणी भरलेलं, आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं बटाटेवडे खायचे. घाई केली, सेल्फ मारत बसलं, तर बॅटरी उतरते आणि मग दोन आजार होतात. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही हे तर आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ होतं. आत पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की दाब जातो आणि पाणी क्षणात उसळून तोंडावर येतं.

आता हळद. रेडिएटरला बारीक भोक पडलं की त्यात चमचा-दोन चमचे हळद टाकायची, ही ट्रक ड्रायव्हरांची विद्या. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकातून बाहेर पडू पाहते, तिथे फुगून साचते आणि भोक बुजतं. घरापर्यंत नेणारा उत्तम उपाय. परदेशात हेच काम लोक मिरपुडीने आणि अंड्याच्या पांढऱ्याने करत. अडचण एवढीच की हळदीला भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली हे कळत नाही. ती सगळीकडेच साचते. म्हणून घरी पोचल्यावर रेडिएटर धुऊन, झाळून घ्यायचा असतो. न घेणारे खूप होते.

साबणाचं तत्त्व याहून पक्कं. पेट्रोलच्या टाकीला दगड लागून झिरपू लागलं तर तिथे साबणाची वडी घासायची. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही, त्यामुळे तो तिथे मेणासारखा बसतो. आणि पावसात वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू नाहीतर कापलेला बटाटा चोळायचा, म्हणजे थेंब न राहता पाण्याचा पातळ पडदा तयार होतो आणि आरपार दिसतं. आमच्या घराण्यात तंबाखूचा उपयोगी पडल्याचा हा एकमेव पुरावा. फॅन बेल्ट तुटला तर काय, याला इंग्रजी पुस्तकांत उत्तर होतं बाईचा नायलॉन स्टॉकिंग. तो आमच्याकडे कुठून येणार? नायलॉनची दोरी लावून बघितली जायची. ती चार-सहा किलोमीटर टिकली तर नशीब.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी त्या दिवसांचे गोडवे गातोय. नाही. कारण त्याच डब्यात, त्याच माणसांच्या हातांत, दुसऱ्या जातीचे उपायही होते. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद. फ्यूज उडत होता कारण कुठेतरी वायर घासून शॉर्ट होत होती. कागद लावल्यावर फ्यूज उडायचा थांबला आणि त्याच्याऐवजी वायर तापू लागली. अशाने गाड्या पेटल्या आहेत. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्हच काढून फेकायचा, ही तर आपल्याकडची सर्रास पद्धत, गॅरेजवालेसुद्धा अभिमानाने करत. त्या व्हॉल्व्हचं काम इंजिन लवकर योग्य तापमानाला आणणं आणि तिथे ठेवणं. तो काढला की इंजिन बराच वेळ गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, झिजतं जास्त. मूळ रोग, म्हणजे चोंदलेला रेडिएटर (बहुतेक हळदीनेच!), तसाच.

मला वाटतं, घरगुती दुरुस्तीच्या साऱ्या इतिहासात हे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. एकात माणूस गाडीची तक्रार ऐकून घेतो. दुसऱ्यात तिचं तोंड बंद करतो. 'जुगाड' हा एकच शब्द आपण दोन्हींना लावतो, म्हणून माझा त्या शब्दावर राग.

ॲक्सेसरीजबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो प्रांत आमच्या घरात निषिद्ध होता. कारखान्यातून गाडी जवळजवळ उघडीच यायची, तेव्हा सजवणं मालकावर. सीटवर टॉवेल, खिडक्यांना पडदे, डॅशबोर्डवर छोटा पंखा आणि गणपती, लाकडी मण्यांचं आसन. डाव्या बाजूचा आरसा ही कित्येक वर्षं चैनीची वस्तू होती. रेडिओ बसवला तर पोस्टातून त्याचं लायसन काढावं लागे, घरच्या रेडिओसारखंच. ही लायसन पद्धत १९८०च्या दशकात गेली. मग कॅसेट प्लेअर आले. काचांना काळी फिल्म लावायची लाट आली, ती २७ एप्रिल २०१२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत टिकली. त्या आठवड्यांत रस्त्याच्या कडेला लोक नखांनी आणि ब्लेडने फिल्मी खरवडत होते, ते दृश्य बघण्यासारखं होतं.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की गाडी रोज सकाळी आपणहून सुरू होऊ शकते! पण मारुतीतही कार्ब्युरेटर होता, पाने-स्क्रू ड्रायव्हर चालत होते. खरा बदल हवेमुळे झाला. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. २०००च्या सुरुवातीला शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं आणि नवे प्रदूषण नियम आले. ते पाळायचे तर पेट्रोल थेंबाथेंबाने मोजून द्यायला हवं, आणि ते काम कार्ब्युरेटरच्या आवाक्यातलं नव्हतं. मग फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले, कॉम्प्युटर आला. पॉइंट त्याआधीच जाऊ लागले होते. चोक गेला. व्हेपर लॉकही गेला, कारण पंप इंजिनावरून निघून टाकीच्या आत जाऊन बसला. शहरातल्या मुलांच्या रक्तातून शिसं कमी झालं, ही या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट, आणि तिच्यापुढे माझा काडेपेटीचा पुठ्ठा म्हणजे काहीच नाही. हे मी मनापासून लिहितोय.

पण बॉनेट एकदा मिटलं ते मिटलंच, आणि ते मिटलेलं राहण्यात कोणाचा तरी फायदा आहे हे कळायला पुढची दहा वर्षं गेली. २०११ मध्ये स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार गेली की गाड्यांचे अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रं कंपन्या फक्त स्वतःच्या अधिकृत वर्कशॉपना देतात, बाहेरच्या गॅरेजना नाही, आणि बाहेर काम केलं तर वॉरंटी रद्द करतात. आयोगाने चौकशी केली. २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात आणि कोर्टात गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारं आणि मोबाइलबरोबर मोटारीही होत्या.

गंमत बघा. १९६० मध्ये सुटा भाग मिळत नव्हता कारण तो देशातच नव्हता, आणि म्हणून मालकाला दुरुस्ती शिकावी लागली. २०१० मध्ये सुटा भाग गोदामात होता, पण बाहेरच्याला मिळत नव्हता, आणि म्हणून नाना पेठेत नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वर्षानुवर्षं काढलेला मेकॅनिकसुद्धा हात टेकू लागला. टंचाईने आपल्याला जे शिकवलं ते कुलुपाने विसरायला लावलं. माझी तक्रार काही असेल तर ती या कुलपाबद्दल आहे, कॉम्प्युटरबद्दल नाही.

आणि तो दुसरा प्रवाह, तोंड बंद करण्याचा? तो जोरात आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना पट्टा लावला नाही तर पीं-पीं वाजणं सक्तीचं झालं. लगोलग बाजारात एक धातूची क्लिप आली. ती बकलमध्ये खुपसली की गाडीला वाटतं पट्टा लागलाय. शंभर-दोनशे रुपये, बसवायला एक सेकंद, कसलंही ज्ञान लागत नाही. मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना आदेश दिले, तेव्हा या क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. तेरा हजार! सिगारेटच्या चांदीचा हा थेट वंशज आहे. आमच्या नात्यातल्या दोन गाड्यांत ती क्लिप मी स्वतः पाहिली आहे आणि ज्यांच्या गाड्या आहेत ते हा ब्लॉग वाचतात. काढा ती. पुढच्या भेटीत मी मागच्या सीटवर बसून बघणार आहे.

आता पहिल्या प्रवाहाची बातमी सांगतो, ती चांगली आहे. मागच्या पावसाळ्यात भाचीच्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी थरथरू लागली. आपल्याकडे २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली कुठेतरी ओबीडीचं सॉकेट असतं. त्यात लावायचा काडेपेटीएवढा अडॅप्टर मिळतो, तो मोबाइलशी ब्लूटूथने बोलतो. तिने तो मागवला. पडद्यावर आलं : पी ०३०२. या आकड्यांचा अर्थ जगभर एकच आहे, दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय. आता प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. तेव्हा दोष कॉइलचा, प्लगचा की आणखी कशाचा, हा प्रश्न होता. (जुन्या पद्धतीने चालू इंजिनाची जोडणी काढायची नाही, हं. दाब फार मोठा असतो, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.)

बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. आता ते गाडी चालवत नाहीत, ऐकूही कमी येतं. त्यांनी विचारलं, "कितवा म्हणाली?"

"दुसरा, आजोबा."

"मग त्याची कॉइल तिसऱ्यावर टाक नि बघ आजार कुणाबरोबर जातोय."

ती हेच करणार होती, तिने वाचून ठेवलं होतं. इंजिन बंद करून दोन्ही कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, कॉलनीला दोन चकरा मारल्या. पी ०३०३ आला. म्हणजे कॉइलच गेली होती. अशी एक कॉइल आणून बसवली आणि दिवा विझला. प्रत्येक कॉइल दहा नंबरच्या एकाच बोल्टवर असते. कपाटावरचा डबा खाली काढला, तर आठचा पाना होता, अकराचा होता, बाराचे दोन होते. दहाचा शेजारच्यांकडून मागून आणावा लागला.